स्लो कुकरमधलं सॉसेज: अमेरिकेत नव्याने संसार मांडणाऱ्यांसाठी

न्यूयॉर्क-न्यू जर्सी भागातल्या कुठल्याही स्ट्रीट फेअरला गेलात की एक वास हमखास येतो. मोठ्या तव्यावर कांदा, लाल-हिरवी ढोबळी मिरची आणि बडीशेप घातलेलं इटालियन सॉसेज एकत्र परतलं जात असतं. मॅनहॅटनच्या लिटल इटलीत 1926 पासून दर सप्टेंबरला सान जेनारो या इटालियन संताचा उत्सव भरतो, तिथे तर या गाड्यांची रांगच लागते. हाच पदार्थ टोमॅटोच्या रश्श्यात, बटाटे घालून, नोकरीच्या दिवशी घरी करता येतो. सकाळी गॅसपाशी वीस मिनिटं, संध्याकाळी पंधरा. मधल्या वेळात स्लो कुकर आपलं काम करत राहतो.

हा लेख पोर्क किंवा चिकन खाणाऱ्या, पण इथल्या दुकानात सॉसेजच्या शेल्फपुढे गोंधळून उभ्या राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी आहे. स्लो कुकर अजून खोक्यातच असेल, तरी चालेल.

कुकर म्हटलं तरी आपला कुकर नव्हे

शिट्टीची वाट पाहायची सवय इथे उपयोगाची नाही. स्लो कुकरमध्ये दाब तयार होत नाही. बाहेर धातूचं कवच, त्यात तापणारी तार, आत चिनी मातीचं जड भांडं आणि वर काचेचं झाकण, एवढंच यंत्र. सहा क्वार्टचा, म्हणजे साडेपाच लिटरहून थोडा मोठा कुकर अडीचशे वॅटच्या आसपास वीज घेतो. लो आणि हाय या दोन्ही बटणांवर आतला रस्सा शेवटी उकळीच्या जरा खाली येऊन थांबतो. फरक असतो तो तिथवर पोचायला किती वेळ लागतो याचा. पाककृतीत लोवरचे सहा तास लिहिले असतील, तर हायवर साधारण तीन धरायचे.

या दोन गोष्टींवरून बाकीचे नियम आपोआप निघतात. वाफ झाकणाला लागून परत खाली पडते, त्यामुळे रस्सा आटत नाही. म्हणून पाणी कमी घालायचं, आपल्या भाजीच्या अंदाजाने तर मुळीच घालायचं नाही. आणि यंत्र संथ असल्याने झाकण उघडलं की गेलेली उष्णता परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. येता-जाता डोकावून ढवळायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागते. काच त्यासाठीच दिलेली आहे.

चौघांच्या घराला सहा क्वार्टचा घ्या. दोघंच असाल तर चार क्वार्टचा पुरे. भांडं निम्म्यापेक्षा कमी भरलं तर जिन्नस कडेने करपतात आणि दोन तृतीयांशाच्या वर भरलं तर नीट शिजत नाहीत, म्हणून उगाच मोठा घेण्यात अर्थ नाही. वेळ लावता येणारा आणि वेळ संपली की आपोआप ‘वॉर्म’वर जाणारा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्यावेत, याचं कारण पुढे येईलच. इन्स्टंट पॉट या विजेच्या प्रेशर कुकरमध्येही स्लो कुकचं बटण असतं, पण तो फक्त तळातून तापतो आणि त्याचा लो बराच मंद असतो. तो वापरलात तर वरची पायरी निवडा आणि शेवटी थर्मामीटरने खात्री करा.

हे यंत्र मुळात शिकागोचं. इर्व्हिंग नॅक्सन नावाच्या संशोधकाला त्याचं पेटंट 1940 साली मिळालं. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातल्या गावची गोष्ट सांगितली होती. ज्यू घरांत शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी चूल पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवडा, मांस आणि धान्याचं ‘चोलंट’ भांड्यात भरून बेकरीच्या भट्टीत ठेवायचं आणि शनिवारी काढून खायचं. विझत चाललेल्या भट्टीची ती धग नॅक्सनने विजेवर आणली. पुढे रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये तोच कुकर ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आला. बायका मोठ्या संख्येने नोकरीला जाऊ लागल्या त्या दशकात तो अमेरिकेच्या घराघरांत पोचला.

दुकानात काय उचलायचं

सॉसेज दोन जातींचं असतं, कच्चं आणि शिजवलेलं. पाकिटावर ‘फुली कुक्ड’ लिहिलेलं असेल तर ते नुसतं गरम करायचं आहे. कील्बासा, आंदुई, स्मोक्ड सॉसेज हे बहुतेक यात येतात. ‘सेफ हँडलिंग इन्स्ट्रक्शन्स’ अशी छोटी चौकट छापलेली असेल तर ते कच्चं, पूर्ण शिजवलंच पाहिजे. इटालियन सॉसेज आणि ताजं ब्राटवुर्स्ट यात मोडतं. चिकन सॉसेज दोन्ही प्रकारचं मिळतं, तेव्हा गृहीत न धरता वाचा.

वाचायची दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची, आणि ती बारीक अक्षरांत असते: वरचं आवरण. चिकन किंवा टर्कीचं सॉसेज पुष्कळदा डुकराच्या आतड्याच्या आवरणात भरलेलं असतं, आणि पोर्कच्या किंवा चिकनच्या सॉसेजला बीफ कोलॅजनचं आवरण असणंही अगदी नेहमीचं आहे. बीफ न खाणाऱ्यांनी समोरचं मोठं नाव पाहून समाधान मानू नये. पाकीट उलटून घटकांच्या यादीचा शेवट वाचावा. मांसाच्या काउंटरवर ताजं बनवलेलं सॉसेज असेल तर तिथल्या माणसाला सरळ विचारा, कुणी वाईट मानत नाही.

या पाककृतीसाठी कच्चं इटालियन सॉसेज घ्या, पोर्कचं किंवा चिकनचं. माइल्ड किंवा स्वीट तिखट नसतं. हॉट लहान मुलांना झोंबेल, आपल्याला बेताचंच वाटेल. नाश्त्याची बारीक सॉसेजेस घेऊ नका, ती इतक्या वेळात लगदा होतात. मेक्सिकन चोरिसोही नको, ते मऊ असतं आणि आवरण फाटलं की रश्श्यात विरघळून जातं.

वेळेचं गणित

बऱ्याच पाककृती ‘सकाळी टाका, रात्री खा’ असं बिनधास्त सांगतात. सॉसेजच्या बाबतीत मला हे पटत नाही. मटणाचा पाया किंवा खांद्याचं मांस आठ-आठ तास शिजवण्यात अर्थ असतो, कारण त्यातला चिवट भाग विरघळायला तेवढा वेळ लागतोच. सॉसेज म्हणजे आधीच बारीक केलेला खिमा. त्याला मऊ करायला काही उरलेलंच नसतं. दहा तास ठेवलंत तर चरबी सगळी रश्श्यात उतरते आणि आत कोरडा, रवाळ भुसा राहतो. लोवर सहा तास ही वरची मर्यादा समजा. मग स्लो कुकर कशाला, असं विचाराल तर तो बटाट्यांसाठी, रश्श्यासाठी आणि तुमच्या संध्याकाळसाठी.

साडेआठला घर सोडून साडेपाचला परतणाऱ्याने टायमर लोवर सहा तासांचा लावावा. अडीचच्या सुमारास कुकर ‘वॉर्म’वर जाईल आणि पदार्थ 60 अंश सेल्सियसच्या वर गरम राहील. तसे तीन-चार तास चालतात. टायमर नसलेला साधा कुकर असेल तर घरून काम करणाऱ्याने अकरा-बाराला लावावा, नाहीतर हा बेत शनिवारी ठेवावा. भिंतीतल्या सॉकेटला लावायचा स्वस्त टायमर घेऊन कुकर दुपारी बंद करण्याची युक्ती करू नका. बंद पडलेल्या कुकरमध्ये मांस तासन् तास कोमट राहतं आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. उशिरा सुरू होणारं ‘डिले स्टार्ट’ही कच्च्या मांसाला वापरायचं नाही, कारण तेवढा वेळ ते फ्रिजबाहेर पडून राहतं.

आदल्या रात्री

चौघांसाठी: इटालियन सॉसेजचं एक पाकीट (साधारण 540 ग्रॅम, त्यात बहुधा पाच नग), दोन मोठे कांदे, तीन ढोबळ्या मिरच्या, अर्धा किलो छोटे बटाटे, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, क्रश्ड टोमॅटोचा 28 औंसांचा एक डबा, चमचाभर ऑरेगॅनो, अर्धा चमचा लाल तिखट, थोडं तेल.

सॉसेज फ्रीझरमध्ये असेल तर ते रात्रीच खाली फ्रिजमध्ये ठेवा. गोठलेलं मांस थेट स्लो कुकरमध्ये टाकणं धोक्याचं आहे, आतपर्यंत गरम व्हायला त्याला फार वेळ लागतो. कांदा, मिरची, लसूण चिरून डब्यात भरा. बटाटे चिरलेत तर पाण्यात बुडवून ठेवा, काळे पडत नाहीत. कच्चं सॉसेज त्यांच्यापासून वेगळं, खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा.

‘रात्रीच सॉसेज जरासं परतून ठेवलं तर सकाळी घाई नको,’ असं वाटणं साहजिक आहे. तसं करू नका. अर्धवट शिजवलेलं मांस थंड करून नंतर पुरं शिजवणं हा अन्नातून विषबाधा होण्याचा सरळ मार्ग आहे. परतायचं ते सकाळीच, आणि परतलं की लगेच कुकरमध्ये.

सकाळची वीस मिनिटं

एक्झॉस्ट चालू करा, खिडकी उघडा. आपल्या फोडणीने वाजणारा स्मोक अलार्म सॉसेजच्या चरबीनेही वाजतो.

जाड बुडाच्या पॅनमध्ये चमचाभर तेल तापवून सॉसेजेस अख्खी ठेवा. टोचायची नाहीत. टोचलं की आतला रस बाहेर येतो आणि मग त्याला स्लो कुकरही काही करू शकत नाही. दोन-दोन मिनिटांनी फिरवत चारी बाजू खरपूस तपकिरी करा. आत शिजायला हवीत असं नाही, फक्त रंग हवा. ही पायरी टाळून सगळं कच्चंच भांड्यात ओतायचा मोह होतो, शेकडो पाककृती तसंच सांगतातही. पण स्लो कुकर उकळीच्या वर जात नाही आणि मांसाला तो तपकिरी रंग आणि खमंगपणा त्याहून बऱ्याच जास्त उष्णतेला येतो. न परतलेलं सॉसेज सहा तासांनी फिकट, करड्या रंगाचं निघतं. चवीला वाईट नसतं, पण मुलं ताटाकडे पाहूनच तोंड फिरवतात.

सॉसेजेस काढून ताटलीत ठेवा. त्याच चरबीत कांदा घालून पाच-सात मिनिटं गुलाबी करा, शेवटी लसूण, तिखट आणि ऑरेगॅनो. कांदा कच्चा टाकलात तर सहा तासांनंतरही त्याचा उग्र, उकडलेला वास रश्श्यात राहतो. मसाला परतल्याशिवाय भाजीला चव नाही हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आता अर्धी वाटी पाणी, किंवा घरात चालत असेल तर रेड वाइन, पॅनमध्ये ओता आणि तळाला चिकटलेलं सगळं लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. चवीचा मोठा वाटा त्या खरवडीत आहे, ती धुऊन टाकू नका.

भांड्यात सर्वांत खाली बटाटे. उष्णता तळातून आणि कडेने येते, आणि स्लो कुकरमध्ये बटाटा-गाजर मांसापेक्षा उशिरा शिजतं, म्हणून त्यांची जागा खाली. बटाट्याचे दोन नाहीतर चार तुकडे, त्याहून मोठे नकोत. त्यावर कांदा आणि पॅनमधली खरवड, त्यावर सॉसेजेस, मग ढोबळी मिरची बोटभर रुंद पट्ट्यांत. बारीक चिरलीत तर तिचं सालच उरेल. वरून टोमॅटोचा डबा ओता. आणखी पाणी नको. मीठही आत्ता नको, सॉसेज आणि डब्यातला टोमॅटो दोन्ही खारट असतात.

झाकण, लो, सहा तास. कुकर भिंतीपासून थोडा लांब, ओट्यावर मोकळ्या जागी ठेवा आणि निघा.

संध्याकाळी

झाकण काढलं की वर लालसर तेलाचा थर दिसेल. पोर्कचं सॉसेज असेल तर तो चांगला जाड असतो. पळीने अलगद काढून रिकाम्या डब्यात भरा आणि गोठल्यावर कचऱ्यात टाका. सिंकमध्ये ओतलंत तर पाइप तुंबतात, आणि भाड्याच्या घरात त्यावरून नसता वाद होतो.

एक सॉसेज बाहेर काढून थर्मामीटर टोकाकडून आत, लांबीच्या दिशेने खुपसा. पोर्कला 71 अंश सेल्सियस, म्हणजे 160 फॅरनहाइट. चिकन-टर्कीला 74, म्हणजे 165. सहा तासांत हा आकडा सहसा केव्हाच ओलांडलेला असतो, पण नवा कुकर असेल तर पहिल्या खेपेला बघाच. दहा-पंधरा डॉलरचा डिजिटल थर्मामीटर या देशात मांस शिजवणाऱ्याने घ्यावाच.

आता चव बघून मीठ. दिवसभर शिजलेल्या पदार्थाची चव जरा झोपलेली असते, तिला जागं करायला चमचाभर व्हिनेगर किंवा अर्धं लिंबू आणि मूठभर ताजी बेझिल पुरते. कोथिंबीर घातलीत तरी कुठला इटालियन बघायला येत नाही. रस्सा पातळ वाटला तर दोन-तीन बटाटे चमच्याने ठेचून त्यातच मिसळा. क्रीम घालायची असेल तर ती याच वेळी. सकाळी घातलेलं दूध-क्रीम फुटतं.

मुलांना लांबट पावात भरून द्या, मोठ्यांना पास्त्यावर नाहीतर भातावर. मला ज्वारीच्या भाकरीबरोबर सर्वांत आवडतं, रस्सा भाकरीत मुरतो.

घरात कुणी शाकाहारी असेल, किंवा गावाहून आई-बाबा यायचे असतील, तर दोन क्वार्टचा छोटा कुकर वेगळा ठेवणं शहाणपणाचं. त्यात हाच रस्सा सॉसेजऐवजी मशरूम आणि डब्यातले छोले घालून होतो, आणि भांड्यावरून कुणाच्या मनात काही राहत नाही.

उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं. चिनी मातीचं भांडं तसंच्या तसं फ्रिजमध्ये ढकलू नका. त्याच्या जाडीमुळे पदार्थ लवकर थंड होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी थंडगार भांडं तापल्या कुकरमध्ये ठेवलं तर तडकतं. गरम भांड्यात धुताना गार पाणी ओतलं तरी तेच. शिळं गरम करायचं ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये. स्लो कुकरचं ते काम नव्हे.

हात बसल्यावर: राजमा आणि आंदुई

लुइझियानात सोमवारी राजमा-भात करायची जुनी रीत आहे. सोमवार धुण्याचा दिवस. रविवारच्या हॅमचं हाड घालून राजमा दिवसभर चुलीवर ठेवायचा आणि बाई कपड्यांच्या मागे लागायची. त्यात आंदुई नावाचं धुरावलेलं सॉसेज घालतात. आपल्या जिभेला हा पदार्थ लगेच ओळखीचा वाटतो.

फक्त एक खबरदारी, आणि ती अजिबात सोडायची नाही. कच्च्या राजम्यात नैसर्गिक विष असतं. खळखळून उकळल्यावर ते नष्ट होतं, पण स्लो कुकरच्या मंद आचेवर ते टिकतं. चार-पाच दाण्यांनीही उलट्या सुरू होऊ शकतात. म्हणून राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळ उकळा आणि मगच स्लो कुकरमध्ये घाला. घरी प्रेशर कुकर असेलच, त्यात आधी शिजवून घेतलात तर प्रश्नच मिटला. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो. त्याच्याबरोबर कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, तमालपत्र आणि जाड चकत्या करून परतलेलं आंदुई लोवर चार तास ठेवलं की झालं.

आणि गोव्याच्या आठवणीने

कोकण-गोव्याकडच्या लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चोरीस, म्हणजे गोव्याचं आंबट-तिखट सॉसेज, मिळेल का? गोव्याहून सामानात घालून आणू नका. भारतातून मांसाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात, आणि सांगितलं नसेल तर दंडही होतो.

पण न्यू जर्सीत राहत असाल तर न्यूअर्कच्या आयर्नबाउंड वस्तीत एकदा जा. ती पोर्तुगीजांची जुनी वस्ती आहे आणि तिथल्या दुकानांत पोर्तुगीज शोरिसो टांगलेलं असतं, आपल्या चोरिसाचं ते थोरलं भावंड. त्यात पाप्रिका, लसूण आणि वाइन असते, धुरीही दिलेली असते. गोव्याचा आंबट-तिखटपणा मात्र नसतो, तो आपण घालायचा. पाव किलो शोरिसोच्या चकत्या, चार कांदे उभे चिरून, तीन बटाटे, दोन चमचे काश्मिरी मिरची पूड, तीन चमचे व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि अर्धी वाटी पाणी. कांदा आणि मिरची पूड आधी परतून घ्या, मग सगळं दोन क्वार्टच्या छोट्या कुकरमध्ये हायवर तीन तास. मीठ चव पाहूनच, बहुधा लागत नाही. त्याच वस्तीतल्या बेकरीत पापो-सेको नावाचे कडक पाव मिळतात. गोव्याची पोय (तिथला पाव) नसली तरी त्यांच्यावर भागतं, फक्त सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत संपलेले असतात.